संगणकाची पडसाळ

कोणाच्याही घरी गेले असता आपल्याला प्रथम दिसते ते त्याचे माजघर नव्हे. दारावरची नावाची पाटी, उंबऱ्याजवळची रांगोळी, चौकटीवरचे तोरण आणि फार तर पडसाळ, एवढेच परक्याच्या नजरेस पडते. मराठीत जिला पडसाळ म्हणतात तिलाच आपल्या भागातले कन्नड भाषक पडसाले म्हणतात. तेव्हा हा शब्द आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना घरचाच वाटावा. पडसाळ आपली असते खरी, पण ती पाहायला कोणी परवानगी मागत नाही. संगणकालाही अशीच एक पडसाळ असते, हे मला गेल्या सुट्टीत भोपाळला मावशीकडे गेले असताना कळले, आणि तेही फजिती होऊन कळले.

संगणक सुरू केल्यावर आपले नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा जो पडदा समोर येतो, तो लॉगिनचा पडदा. त्याच्या मागे जे चित्र दिसते, त्याला आपण पार्श्वचित्र म्हणू. हे पार्श्वचित्र आपल्या मनासारखे कसे करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय लहान आहे असे मलाही वाटले होते. ‘‘पाच मिनिटांचं काम आहे,’’ असे मी मावशीला ऐटीत सांगितले, आणि त्या कामाला पुरते दोन दिवस लागले.

माझी मावशी भोपाळच्या बरखेडा भागात राहते. बेळगावात गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता भोपाळला उतरता येते, म्हणून लहानपणापासून आमचे तिकडे जाणे होते. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या साहाय्याने भोपाळला विजेची अवजड यंत्रे बनविण्याचा कारखाना उभा राहिला आणि १९७४ साली ती कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे ज्याला सगळे ‘भेल’ म्हणतात तीत, विलीन झाली. कारखान्याबरोबर वसाहत आली. बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा ही त्या वसाहतीचीच अंगे. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे नोकरीला आली आणि येथलीच झाली. आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, त्यांपैकीच एक. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावे लागले, पण बरखेडा सोडवेना, म्हणून त्यांनी जवळच बरखेडा पठाणीत घर घेतले.

काकांना जाऊन आता दीड वर्ष झाले. त्यांचा संगणक बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ असतो. त्यावर पूर्वी विंडोज १० होते. यंत्र सुरू केले की काकांनी स्वतः काढलेले भीमबेटक्याचे छायाचित्र दिसे आणि त्यावर त्यांचे नाव येई. परवलीचा शब्द मावशीला ठाऊक होता. ती काकांच्याच नावाने आत जाई, विजेचे बिल भरी, बहिणींना पत्रे लिही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. यंत्र जुने, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यात नव्हती. तेव्हा मावशीचा मुलगा, आमचा दादा, पुण्याहून आला, त्याने काकांची सगळी कागदपत्रे आणि छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर काढून घेतली आणि यंत्रावर लिनक्स मिंट बसवले. नवे खाते मावशीच्या नावाने उघडले, जुनी छायाचित्रे तिच्या खात्यात आणून ठेवली आणि तो परत गेला.

दादाने सर्व काही नीट केले होते. तरी मावशीचे मन लागेना. मी गेले त्याच संध्याकाळी ती म्हणाली, ‘‘अगं, पूर्वी हे सुरू केलं की आधी त्यांचं नाव यायचं. आता कुणाच्या तरी ऑफिसात जाऊन बसल्यासारखं वाटतं. तेवढं पूर्वीसारखं करून दे ना.’’ तिला लॉगिनच्या पडद्यावर काकांचा फोटो हवा होता.

आता मूळ विषयाकडे वळू. संगणकावर तीन जागी चित्र असू शकते आणि या तिन्हींची लोक नेहमी गल्लत करतात. पहिली जागा कुलूप-पडद्याची. आपण थोडा वेळ उठून गेलो की घड्याळ आणि तारीख दाखवीत जो पडदा उभा राहतो, तो हा. दुसरी जागा लॉगिनच्या पडद्याची. तेथे नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा असतो. तिसरी जागा आत गेल्यानंतरच्या मेजाची, म्हणजे डेस्कटॉपची. तिसऱ्या जागेचे चित्र बदलणे सर्वांत सोपे. चित्रावर उजवे बटण दाबावे, ‘पार्श्वचित्र म्हणून लावा’ अशा अर्थाचा पर्याय निवडावा, की झाले. ही खोली आपली असते, तेथे काय टांगावे हे विचारणारा कोणी नाही. पहिल्या दोन जागांचे मात्र तसे नाही.

मिंटमध्ये लॉगिनच्या पडद्यासाठी ‘लॉगिन विंडो’ नावाचे वेगळे दालन आहे. ते उघडताच यंत्राने पुन्हा परवलीचा शब्द मागितला. मावशी म्हणाली, ‘‘आत्ताच तर दिला होता!’’ मलाही नवल वाटले, पण दिला. ‘बॅकग्राउंड’पुढे मी मावशीच्या ‘पिक्चर्स’मधला काकांचा फोटो निवडला आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. आम्ही दोघी समोर बसलो होतो. पडदा उजळला, नाव आले, पण मागे फोटो नाही. नुसता एक सपाट रंग. पुन्हा केले, पुन्हा तेच. फोटो लहान करून पाहिला, नाव बदलून पाहिला. काही उपयोग झाला नाही. मावशी काही बोलली नाही, चहा ठेवायला उठली. ते मला फार लागले.

असे का झाले, हे दुसऱ्या दिवशी उमगले. ते समजून घ्यायचे तर लॉगिनचा पडदा कोण रंगवतो हे आधी पाहिले पाहिजे. यंत्राचे बटण दाबल्यावर प्रथम यंत्रातला पक्का बसवलेला लहान कार्यक्रम जागा होतो, तो डिस्कवरून मुख्य प्रणालीला उठवतो, मग प्रणाली आपल्या नोकरचाकरांना कामाला लावते. या नोकरांपैकी एक म्हणजे स्वागताचा पडदा दाखविणारा. मिंटमध्ये त्याला ‘लाइटडीएम’ म्हणतात. त्या घटकेला आत कोणीही गेलेले नसते. मावशी अजून दाराबाहेरच उभी आहे. तेव्हा हा पडदा मावशीच्या अधिकाराने रंगवला जाणे शक्यच नाही. तो रंगवणारा दारवान यंत्राचा नोकर आहे, मावशीचा नव्हे. त्याला यंत्रात स्वतःचे वेगळे नाव आहे आणि स्वतःचे मर्यादित अधिकार आहेत.

मी निवडलेला फोटो मावशीच्या खोलीत होता, आणि दारवानाला त्या खोलीत शिरण्याची परवानगी नव्हती. त्याने दार लोटून पाहिले, ते उघडले नाही, म्हणून तो आपल्या नेहमीच्या रंगाचा पडदा धरून उभा राहिला. त्याचे काही चुकले नव्हते, चुकले होते ते माझे.

ही परवानगी आकड्यांत कशी मांडतात ते पाहण्यासारखे आहे. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तर ते चटकन पटावे. लिनक्समध्ये प्रत्येक वस्तूच्या बाबतीत तीन पक्ष धरतात: मालक, मालकाचा गट आणि बाकीचे सगळे. प्रत्येक पक्षाला तीन हक्क देता येतात. वाचण्याच्या हक्काचे ४, लिहिण्याच्या हक्काचे २ आणि फोल्डर असेल तर आत शिरण्याच्या हक्काचा १. यांची बेरीज करून तीन अंक शेजारी शेजारी लिहायचे. मावशीच्या घर-फोल्डरावर ७५० असा आकडा होता. म्हणजे मालकिणीला ४ अधिक २ अधिक १ असे ७, सर्व हक्क. गटाला ४ अधिक १ असे ५, म्हणजे वाचणे व शिरणे. बाकीच्यांना शून्य. आमचा दारवान त्या ‘बाकीच्यां’त मोडत होता. उबुंटूच्या मंडळींनी २०२१ सालापासून नव्या खात्यांचे दार असेच बंद ठेवण्याची प्रथा घातली. त्यापूर्वी बाकीच्यांनाही डोकावता येत असे. मिंट उबुंटूवरच बेतलेले आहे. घर-फोल्डर सांकेतिक लिपीत कुलूपबंद केलेले असेल तर हा प्रश्न आणखीच पक्का होतो, कारण मालकीण आत येईपर्यंत तेथील काहीच वाचता येत नाही.

उपाय दोन होते. एक, मावशीच्या खोलीचे दार सर्वांना उघडे करणे. दुसरा, फोटोची एक प्रत पडसाळीत आणून ठेवणे. पहिला उपाय करणे म्हणजे दारावर चित्र लावण्यासाठी घराचे कुलूप काढण्यासारखे झाले. आम्ही दुसरा केला. लिनक्समध्ये ‘यूएसआर’ फोल्डरात ‘शेअर’ आणि त्यात ‘बॅकग्राउंड्स’ नावाचा फोल्डर असतो. तो सर्वांना वाचता येतो, पण त्यात काही ठेवायचे तर व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द लागतो. फोटो तेथे नेला, त्यावर ६४४ असा आकडा आहे ना ते पाहिले, म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे आणि इतरांनी केवळ वाचावे. मग लॉगिनच्या दालनातून तो निवडला. यंत्र पुन्हा सुरू केले, आणि काका आले.

येथे वाचक विचारील की एका चित्रासाठी एवढा बंदोबस्त कशाला? याचे कारण असे की, परवलीचा शब्द आपण या एकाच पडद्यावर डोळे झाकून देतो. समजा, कोणी लबाडाने हुबेहूब तसाच दिसणारा खोटा पडदा उभा केला, तर आपण बिनदिक्कत शब्द त्याच्या हाती देऊ. बँकेच्या दारात कोणी खोटा गणवेश घालून पैसे गोळा करू लागला तर जे होईल तेच हे. म्हणून लॉगिनच्या पडद्याला हात लावण्याचा अधिकार प्रणाली सहजासहजी देत नाही. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीमध्ये तर आत जाण्यापूर्वी कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबाव्या लागत. या तीन कळांची हाक थेट प्रणालीच्या कानी जाते, मध्ये कोणताही साधा कार्यक्रम ती अडवू शकत नाही. त्यामुळे त्यानंतर येणारा पडदा खराच असणार, अशी खात्री पटे. अनेक कार्यालयांत ही पद्धत अजून चालू आहे.

परवलीच्या शब्दाची आणि दारावरच्या पाटीची अदलाबदल झाल्याची एक खरी हकीकत सांगण्यासारखी आहे. अनेकांनी एकाच यंत्रावर एकाच वेळी काम करण्याची ‘सीटीएसएस’ ही प्रणाली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. तिचे पहिले प्रात्यक्षिक १९६१ साली झाले. संगणकात परवलीचा शब्द वापरण्याची सुरुवात जेथे झाली अशा अगदी आरंभीच्या प्रणालींपैकी ती एक. त्याच दशकात एके दिवशी दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन कागद दुरुस्त करीत होते. एक होता आत येणाऱ्यांसाठीच्या रोजच्या सूचनेचा आणि दुसरा सर्वांच्या परवलीच्या शब्दांचा. दुरुस्तीसाठी दोघांचा तात्पुरता कागद एकाच नावाने निघाला, आणि शब्दांची यादी सूचनेच्या जागी जाऊन बसली. मग जो जो आत येई त्याला सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द छापून मिळू लागले! दारावरच्या पाटीवर तिजोरीच्या किल्ल्या टांगल्या गेल्या, तर दुसरे काय होणार?

आता आपल्यापैकी बहुतेकांकडे विंडोज असते, म्हणून त्याविषयी. २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये लॉगिनचे चित्र बदलण्याची उघड सोय नव्हती. प्रणालीच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, एक खूण १ करावी लागे आणि २५६ किलोबाइटहून लहान चित्र ठराविक नावाने ठराविक फोल्डरात ठेवावे लागे. ही सोय मुळात संगणक बनविणाऱ्या कंपन्यांना आपले चिन्ह लावता यावे म्हणून होती, लोकांनी ती हुडकून काढली. २०१५ साली विंडोज १० आले तेव्हा लॉगिनच्या पडद्यावर निळ्या उजेडाची खिडकी असे. ते चित्र संगणकावर रेखाटलेले नव्हते. खरी खिडकी उभारून, धूर आणि लेसरचे किरण सोडून त्याचे छायाचित्र घेतले होते. आपले चित्र लॉगिनच्या पडद्यावर दाखविण्याची सोपी कळ २०१६ साली मिळाली.

आज विंडोज ११ मध्ये असे करावे. ‘सेटिंग्ज’ उघडून ‘पर्सनलायझेशन’ आणि त्यात ‘लॉक स्क्रीन’ येथे जावे. तेथे तीन पर्याय असतात: ‘विंडोज स्पॉटलाइट’, ‘पिक्चर’ आणि ‘स्लाइड शो’. ‘पिक्चर’ निवडून आपले चित्र द्यावे. त्याखाली ‘लॉगिनच्या पडद्यावरही हेच चित्र दाखवा’ अशा अर्थाची कळ आहे, ती चालू ठेवावी. ‘स्पॉटलाइट’ ठेवले तर चित्रे कंपनीकडून येतात आणि त्यांबरोबर काही सूचनाही येतात. पाहायला ती सुरेख असतात, पण आपल्या पडसाळीतला फलक दुसऱ्याने लिहिल्यासारखे ते होते. विंडोजची प्रत रीतसर नोंदलेली नसेल तर मात्र ‘पर्सनलायझेशन’मधील पर्याय बंद दिसतात.

येथे दोन गोष्टींनी गोंधळ होतो. पहिली, कुलूप-पडद्यावर स्वच्छ दिसणारे चित्र लॉगिनच्या पडद्यावर धूसर होते. हा बिघाड नव्हे. अक्षरे नीट वाचता यावीत म्हणून २०१९ पासून तसे मुद्दाम केले आहे. नको असल्यास ‘पर्सनलायझेशन’मधील ‘कलर्स’मध्ये ‘ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स’ बंद करावे, धूसरपणा जातो. दुसरी, आपण मूळ चित्र पुसून टाकले तरी पडद्यावर ते दिसतच राहते. कारण विंडोज त्याची एक प्रत आपल्या खास फोल्डरात नेऊन ठेवते. आम्ही मिंटमध्ये जे हाताने केले, ते विंडोज न सांगता करते, एवढाच फरक. तेव्हा एखादे चित्र खरोखर हटवायचे असेल तर मूळ चित्र पुसून भागत नाही, दुसरे चित्र निवडावे लागते.

आता पडसाळीत काय लावावे याविषयी. चित्र पडद्याच्या मापाचे असावे; बहुतेक पडद्यांना १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र पुरते. नाव आणि परवलीच्या शब्दाची चौकट जेथे येते तेथे चित्रात महत्त्वाचे काही असू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, परवलीचा शब्द न देता जे दिसते ते चोरालाही दिसते. मी एकदा कोणाच्या तरी लॅपटॉपवर वेळापत्रकाबरोबर परीक्षेचे ओळखपत्र लावलेले पाहिले आहे. आधार कार्ड, पासबुक, घराचा पत्ता दिसणारे चित्र, शाळेच्या गणवेशातली मुले हे सारे आत ठेवावे. लॅपटॉप हरवला तर परत मिळावा म्हणून एखादा संपर्क क्रमांक चित्रात लिहून ठेवणे मात्र शहाणपणाचे. आत न जाताही तो वाचता आला तरच त्याचा उपयोग.

हे सर्व मी मावशीला समजावून सांगत होते तेव्हा पडद्यावर काकांचा फोटो होता. पण एक अडचण उरलीच होती. फोटोत काका डाव्या बाजूला उभे होते आणि मिंटच्या नावाची चौकट नेमकी त्यांच्या चेहऱ्यावर येत होती. मी म्हटले, ‘‘मावशी, फोटो उलटा करते, म्हणजे काका उजवीकडे जातील.’’ केला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘नको गं. खिसा उजवीकडे आला. त्यांचा खिसा डावीकडे असायचा, पेनसकट.’’

मी फोटो पुन्हा सुलटा केला. तेवढ्यात शेजारच्या मल्याळी काकू विरजण मागायला आल्या. बाहेरच्याच खोलीत संगणक, त्यांची नजर पडद्यावर गेली. त्या काही वाईट बोलल्या नाहीत, फक्त हळहळल्या. पण त्या गेल्यावर मावशी म्हणाली, ‘‘तू म्हणालीस ना, ही पडसाळ आहे. मग त्यांना पडसाळीत कशाला बसवायचं? येणारा-जाणारा प्रत्येक जण हळहळणार. त्यांना आत घे.’’

मग आम्ही काकांचा फोटो मावशीच्या डेस्कटॉपवर लावला. तेथे ना चौकट, ना परक्याची नजर. मिंटमध्ये आतले चित्रच बाहेर दाखविण्याची एक कळ असते, ती बंद केली, नाहीतर आतले बाहेर आलेच असते. आणि बाहेर, लॉगिनच्या पडद्यावर, काकांनीच काढलेले भीमबेटक्याचे जुने छायाचित्र लावले. भीमबेटका भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली तेथील चित्रित शैलाश्रय प्रकाशात आणले आणि २००३ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. राहत्या जागेच्या भिंतीवर काही चितारावे ही माणसाची हौस किती जुनी आहे, याचा तो पुरावाच होय.

राहता राहिले नाव. दादाने खात्याला मावशीचे नाव रोमन लिपीत दिले होते. आत वापरायचे लहान नाव रोमन अक्षरांतच ठेवणे सोयीचे, पण पडद्यावर दिसणारे पूर्ण नाव कोणत्याही लिपीत लिहिता येते. देवनागरीत, कन्नडात किंवा दोन्हींत. पाटीवरच्या लिपीवरून काय काय होऊ शकते हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. येथे मात्र कोणाची हरकत येत नाही. (परवलीचा शब्द टाइप करताना कळफलक इंग्रजीवर आहे ना हे तेवढे पाहावे. मराठी कळफलक चालू राहिला तर बरोबर शब्दही चुकीचा ठरतो.) मावशीला विचारून मी तिचे नाव देवनागरीत लिहिले, काकांच्या नावासकट आणि आडनावासकट.

यंत्र पुन्हा सुरू केले. भीमबेटक्याचे खडक आले आणि त्यावर तिचे नाव आले. ती म्हणाली, ‘‘इतकी वर्षं मी त्यांच्या नावाने आत जात होते. हे माझं नाव का?’’ मी म्हटले, ‘‘होय, मावशी. दार आता तुझं आहे.’’ तिने परवलीचा शब्द एकेक अक्षर शोधून टाइप केला. तो काय होता ते मी पाहिले नाही. मी तोंड खिडकीकडे केले होते.